सातारा जिल्ह्याएवढा देश : जमैका

नकाशाचे पुस्तक उघडा आणि पाचगणी शोधा. अक्षांश सुमारे १७ अंश ५५ मिनिटे उत्तर. आता याच अक्षांशावर बोट ठेवून पश्चिमेकडे सरकत चला. अरबी समुद्र, अरबस्तानचा दक्षिण भाग, तांबडा समुद्र, मग सुदानपासून मॉरिटानियापर्यंत आफ्रिकेचा रुक्ष प्रदेश आणि त्यानंतर अटलांटिक महासागर. महासागर ओलांडला की बोट कॅरिबियन समुद्रात शिरते आणि लहान बेटांच्या रांगा व हिस्पॅनिओला बेटाचे दक्षिण टोक मागे टाकून एका लांबट बेटावर पोहोचते. हे बेट म्हणजे जमैका. त्याची राजधानी किंगस्टन १७ अंश ५८ मिनिटांवर आहे. म्हणजे पाचगणी आणि किंगस्टन यांच्यात उत्तर-दक्षिण अंतर पाच-सहा किलोमीटरांचेच! पूर्व-पश्चिम अंतर मात्र या रेषेवरून मोजले तर सुमारे १६,००० किलोमीटर भरते.

अक्षांश एक असल्यामुळे दिवसाची लांबी दोन्हीकडे सारखीच. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या आरंभी भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो व उभ्या काठीची सावली नाहीशी होते, तीही दोन्हीकडे एकाच सुमारास. फक्त आपल्या घड्याळात जमैकाच्या घड्याळापेक्षा साडेदहा तास अधिक झालेले असतात. शाळेत पृथ्वीचा गोल असेल तर आणखी एक गंमत करून पाहा. पाचगणीपासून किंगस्टनपर्यंत दोरा घट्ट ताणा. तो या अक्षांशावरून जाणार नाही. उत्तरेकडे वर चढेल, कारण गोलावरचा सर्वांत जवळचा मार्ग तो आहे. त्या दोऱ्याचा मध्यबिंदू कोठे येतो? दक्षिण इंग्लंडमध्ये! दोन्ही ठिकाणांवर एके काळी जेथून राज्य चालत होते, तो देश बरोबर मध्यावर यावा हा योगायोगच.

अकरा तालुके आणि चौदा परगणे

जमैकाचे क्षेत्रफळ आहे १०,९९१ चौरस किलोमीटर. आपल्या सातारा जिल्ह्याचे १०,४८०. लोकसंख्याही जवळपास तेवढीच. २०११ सालच्या जनगणनेत सातारा जिल्ह्यात ३० लाख माणसे मोजली गेली, तर जमैकात त्याच वर्षी सुमारे २७ लाख. तेव्हा ‘परदेश’ म्हटल्यावर जे अवाढव्य चित्र डोळ्यांपुढे येते ते बाजूला ठेवा आणि आपला जिल्हा समुद्रात नेऊन ठेवला आहे अशी कल्पना करा. आपल्या जिल्ह्याचे तालुके अकरा. जमैकाचे विभाग चौदा. या विभागांना तेथे ‘पॅरिश’ म्हणतात. मुळात हा शब्द चर्चच्या हद्दीचा. आपण सोयीसाठी परगणा म्हणू. पूर्वी परगणे बावीस होते. १८६७ साली ते चौदा करण्यात आले. बहुतेकांची नावे इंग्रजी संतांची, सरदारांची किंवा गावांची आहेत. देशाचे स्वतःचे नाव तेवढे तेथील मूळच्या टाइनो लोकांच्या ‘झायमाका’ या शब्दावरून आलेले. झाडांची व पाण्याची भूमी असा त्याचा अर्थ सांगतात. टाइनो लोक मात्र राहिले नाहीत. १४९४ मध्ये कोलंबस आला, मग स्पेनची सत्ता, १६५५ पासून इंग्रजांची. ऊसमळ्यांवर राबण्यासाठी आफ्रिकेतून लाखो माणसे गुलाम म्हणून आणली गेली आणि आजचे बहुसंख्य जमैकावासी त्यांचेच वंशज आहेत. ६ ऑगस्ट १९६२ रोजी देश स्वतंत्र झाला.

किंगस्टनपासून निघून बेटाला उजव्या हाताने प्रदक्षिणा घालू, म्हणजे आधी पूर्वेला, मग उत्तर किनाऱ्याने पश्चिमेला. किंगस्टन हा सर्वांत लहान परगणा. येथल्या सबिना पार्क मैदानाचे नाव क्रिकेटवेड्या वाचकांना ठाऊक असेलच. १९७१ च्या फेब्रुवारीत मूळ मडगावच्या दिलीप सरदेसाईंनी येथे २१२ धावा काढल्या होत्या. मैदानापेक्षा आपल्याला अधिक पाहण्यासारखे आहे ते बंदरासमोरच्या वाळूच्या लांब पट्टीच्या टोकावरचे पोर्ट रॉयल. ७ जून १६९२ रोजी दुपारी बाराच्या सुमारास येथे भूकंप झाला आणि शहराचा सुमारे दोन तृतीयांश भाग समुद्रात गेला. शहर पाण्याने भिजलेल्या वाळूवर बांधलेले होते. अशी वाळू जोराने हादरली की तिचे कण एकमेकांचा आधार सोडतात आणि ती द्रवासारखी वागू लागते. घरे पडण्याऐवजी खचली, गिळली गेली. पुढे पाणबुड्यांनी तेथे उत्खनन केले.

कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप पाटण तालुक्यातील जुन्या माणसांच्या बोलण्यात अजून येतो. या दोन भूकंपांची कारणे वेगळी आहेत. जमैका कॅरिबियन आणि उत्तर अमेरिकी या दोन भूपट्टांच्या सीमेवर आहे. पट्ट एकमेकांना घासत सरकतात आणि धक्के बसतात. कोयना एका पट्टाच्या आत, सीमेपासून दूर आहे. तेथील भूकंपांचा संबंध धरणाच्या जलाशयातील पाण्याशी जोडला जातो.

वारा कोणीकडून येतो?

किंगस्टनच्या पाठीमागे निळे पर्वत उभे आहेत. ब्ल्यू माउंटन शिखराची उंची २,२५६ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा सहाशे मीटरांनी अधिक. पर्वताच्या पलीकडे पोर्टलंड परगणा. किंगस्टनपासून तेथील पोर्ट अँटोनिओ हे गाव सरळ रेषेत पन्नास किलोमीटरसुद्धा नाही. पण किंगस्टनला वर्षाकाठी सुमारे ८०० मिलिमीटर पाऊस, तर पोर्टलंडकडच्या डोंगरउतारांवर काही ठिकाणी ५,००० मिलिमीटरांहून अधिक!

पाचगणीच्या मुलांना याचे नवल वाटू नये. महाबळेश्वरला वर्षाला सुमारे ६,००० मिलिमीटर पाऊस पडतो. तेथून पूर्वेला वीस किलोमीटरांच्या आत असलेल्या पाचगणीला तो दोन हजारांच्या आत येतो, आणि पसरणीचा घाट उतरून वाईला गेले की हजाराच्याही खाली. पुढे माण-खटावात तर टँकरची वाट पाहणारी गावे. समुद्रावरून आलेली दमट हवा डोंगराला अडून वर चढते, थंड होते, तिच्यातील बाष्पाचे पाणी होते व ते चढाच्या बाजूला पडून जाते. डोंगर ओलांडून खाली उतरणारी हवा तापते व कोरडी होते. पलीकडची बाजू पर्जन्यछायेत राहते.

नियम एकच, पण बाजू उलटी. आपला पाऊस नैऋत्येकडून येतो, म्हणून सह्याद्रीची पश्चिम बाजू ओली आणि पूर्व बाजू कोरडी. जमैकावर ईशान्य व्यापारी वारे वाहतात, म्हणून तेथे ईशान्येची बाजू ओली आणि दक्षिण किनारा कोरडा. पोर्टलंड हे जमैकाचे महाबळेश्वर आणि किंगस्टन वाईच्या जागी, असे म्हणायला हरकत नाही. आणखी एक फरक असा की आपला मोसमी वारा वर्षातून दिशा बदलतो. व्यापारी वारे जवळजवळ बारा महिने एकाच दिशेने वाहतात, त्यामुळे पोर्टलंडला पावसाळा असा चार महिन्यांत संपत नाही. अशा धुक्याच्या उतारांवर जमैकाची प्रसिद्ध कॉफी पिकते. १७२८ साली गव्हर्नर निकोलस लॉज याने या बेटावर कॉफी आणली.

याच रानांत, आणि पश्चिमेकडच्या डोंगरांतही, मळ्यांतून पळालेले गुलाम आश्रय घेत. त्यांना मरून म्हणतात. वाटा ठाऊक, रान ओळखीचे, अचानक छापा घालायचा व नाहीसे व्हायचे, ही त्यांची युद्धरीत वाचताना जावळीच्या खोऱ्याची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. इंग्रज त्यांना जिंकू शकले नाहीत आणि १७३९ साली त्यांचा नेता कजो याच्याशी तह करावा लागला. पूर्वेकडच्या मरूनांची पुढारी नॅनी ही स्त्री होती. आज ती जमैकाच्या राष्ट्रवीरांत गणली जाते. निळे पर्वत व त्यांना लागून असलेले जॉन क्रो पर्वत २०१५ साली जागतिक वारशाच्या यादीत आले. आपले कास पठार पश्चिम घाटाबरोबर त्याच यादीत २०१२ सालीच दाखल झाले होते.

पाणी दगड खाते, पाणी दगड घडवते

उत्तर किनाऱ्यावर सेंट मेरी ओलांडून सेंट अ‍ॅन परगण्यात आले की डन्स रिव्हर धबधबा लागतो. उंची सुमारे १८० फूट. पायऱ्यापायऱ्यांनी उतरत तो थेट समुद्राला मिळतो आणि प्रवासी हातात हात घालून त्यातून वर चढतात. साधारणपणे धबधबा आपला कडा झिजवून मागे सरकतो. हा मात्र स्वतःच्या पायऱ्या स्वतः बांधतो! जमैकाचा सुमारे दोन तृतीयांश भाग चुनखडकाचा आहे. चुनखडकातून आलेल्या पाण्यात चुना विरघळलेला असतो. पाणी उसळून खाली पडताना त्यातील कार्बन डायऑक्साइड निसटतो आणि चुना दगडावर साचतो. पाणी तापवायच्या भांड्यात पांढरे कीट धरते, तसेच हे.

त्यापुढच्या ट्रेलॉनी परगण्यात चुनखडकाचा उलटा चमत्कार दिसतो. पावसाचे किंचित आम्ल पाणी चुनखडक विरघळवत राहिले आणि जमिनीला शेकडो खळगे व मधे मधे गोल टेकड्या तयार झाल्या. विमानातून पाहिले तर अंडी ठेवायच्या पुठ्ठ्याच्या ट्रेसारखा प्रदेश दिसतो. याला कॉकपिट कंट्री म्हणतात. पाणी वरून वाहतच नाही. खळग्यातून जमिनीखाली जाते आणि गुहांतून वाहते. धावपटू उसेन बोल्ट याच परगण्यातला. फालमथ गावाजवळच्या खाडीत रात्री हात फिरवला की पाणी निळसर चमकते. तो उजेड असतो सूक्ष्म जीवांचा. कोकणच्या किनाऱ्यावरही कधी कधी लाटा अशा उजळतात, पण तेथला जीव निराळ्या जातीचा.

सेंट जेम्समधील माँटेगो बे हे विमानतळाचे व हॉटेलांचे गाव. हॅनोव्हर आणि वेस्टमोरलंड हे पश्चिम टोकाचे परगणे. २८ ऑक्टोबर २०२५ रोजी मेलिसा नावाचे चक्रीवादळ वेस्टमोरलंडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी सुमारे २९५ किलोमीटर होता. शेजारच्या सेंट एलिझाबेथ परगण्यातील ब्लॅक रिव्हर गावाची फार हानी झाली. सेंट एलिझाबेथला जमैकाचे धान्याचे कोठार म्हणतात, त्यामुळे या फटक्याने भाजीपाल्याची शेतेही गेली.

तांबडी माती

आता मँचेस्टर परगणा. त्याचे मुख्य गाव मँडव्हिल सुमारे ६३० मीटर उंचीवर वसलेले. इंग्रजांना उकाड्यातून पळायला येथेही एक पाचगणी हवी होती! आपली पाचगणी त्याच्या दुप्पट उंच आहे, तेव्हा थंडीत आपली बाजी. परंतु मँडव्हिलच्या रस्त्यांवरील मातीचा रंग पाचगणीकराला घरची आठवण करून देईल.

टेबललँडवर गेलात तर पायाखालचा दगड नीट पाहा. तांबडा, छिद्राछिद्रांचा, जांभा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर साचून दख्खनचा काळा दगड झाला. त्यावर दीर्घकाळ उष्ण हवा आणि पाऊस यांचे काम चालले. चुना, पोटॅश, सिलिका अशी द्रव्ये पाण्याबरोबर निघून गेली. मागे उरली लोह आणि अ‍ॅल्युमिनियम यांची ऑक्साइडे. लोह अधिक असेल तर जांभा, अ‍ॅल्युमिनियम अधिक असेल तर बॉक्साइट. कोल्हापूर जिल्ह्यात राधानगरी, शाहूवाडीकडच्या पठारांवर असे बॉक्साइट सापडते. जमैकात तांबडी माती पांढऱ्या चुनखडकाच्या खळग्यांत भरलेली आहे. ती ज्वालामुखीच्या राखेपासून झाली असावी असे बऱ्याच भूवैज्ञानिकांचे मत आहे.

ही माती मौल्यवान आहे हे कळले ते १९४० नंतर. सेंट अ‍ॅनमधील एका मळ्यावर गवत नीट येईना, म्हणून जमीनमालकाने माती तपासून घेतली आणि तीत अ‍ॅल्युमिनियम भरपूर निघाले. १९५२ साली निर्यात सुरू झाली आणि १९५७ पर्यंत हा एवढासा देश बॉक्साइट उत्पादनात जगात पहिला आला! माती वरवरच असल्यामुळे सुरुंग लावावे लागत नाहीत; यंत्राने खरवडून घेतली की झाले. पण एक टन अ‍ॅल्युमिनियमसाठी चारएक टन बॉक्साइट लागते आणि ते शुद्ध करताना कॉस्टिक सोड्याने बरबटलेला तांबडा चिखल उरतो. तो साठवायचा कोठे, हा प्रश्न कायमचा. शिवाय बॉक्साइटचे खळगे आणि पाणी मुरण्याचे खळगे एकच. म्हणूनच कॉकपिट कंट्रीत खाणींना विरोध झाला आणि २०१७ साली सरकारने तेथील काही भाग खाणींसाठी बंद केला. त्या भागाची हद्द कोठे आखायची यावर मात्र तेथे वाद झाला. महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर २००१ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला गेला, तेव्हा बांधकामांबद्दल जी बोलणी घरोघर ऐकू आली त्यांच्याशी हे ताडून पाहा.

भारतातून गेलेले

क्लॅरेंडन ओलांडून आपण सेंट कॅथरिनमध्ये येतो. येथल्या ओल्ड हार्बर बे येथे १० मे १८४५ रोजी ब्लंडेल नावाच्या जहाजातून पहिले भारतीय मजूर उतरले. गुलामगिरी बंद झाल्यावर मळेवाल्यांना माणसे हवी होती. १९१७ पर्यंत सुमारे ३६ हजार गिरमिटिये तेथे गेले, बहुतेक उत्तर भारतातील. आज तेथील बाजारात आंब्याची एक आवडती जात ‘बॉम्बे’ नावाने विकली जाते. ‘जमैका होप’ ही तेथील दुभती गाय जर्सी, थोडी होल्स्टीन आणि आपली साहिवाल यांच्या संकरातून झाली. उष्ण हवा आणि गोचिडी सोसण्याचा गुण तिला साहिवालकडून मिळाला.

आंबा आणि गाय मानवली, मुंगूस मानवले नाही. उसाला उंदरांचा फार उपद्रव होई म्हणून १८७२ साली पोर्टलंडमधील एस्प्यूट नावाच्या मळेवाल्याने कलकत्त्याहून नऊ मुंगसे मागवली. उंदीर त्यांनी मारले, पण उंदीर पुष्कळसे रात्री हिंडणारे आणि मुंगूस दिवसा. मग मुंगसांनी जमिनीवर घरटी करणारे पक्षी, सरडे, त्यांची अंडी यांच्यावर ताव मारला. जेथे असला शिकारी कधी नव्हताच, तेथील प्राण्यांना त्याच्यापासून पळणे ठाऊक नव्हते. त्या नऊ मुंगसांची प्रजा पुढे इतर बेटांवरही नेण्यात आली.

जमैकाचा मोठा इग्वाना सरडा १९४०च्या सुमारास नाहीसा झाला असे धरले गेले. पुढे १९९० साली सेंट कॅथरिनच्या हेलशायर टेकड्यांत, किंगस्टनच्या त्याच कोरड्या पर्जन्यछायेत, रानडुकरांच्या शिकाऱ्याच्या कुत्र्याने एक जिवंत इग्वाना पकडला. शोध घेता थोडेसे आणखी सापडले. तेव्हापासून त्यांची काही पिल्ले अंड्यांतून बाहेर येताच उचलून किंगस्टनच्या होप प्राणिसंग्रहालयात नेतात. तेथे ती काही वर्षे वाढवतात आणि मुंगसाला आवरणार नाहीत एवढी झाली की पुन्हा हेलशायरच्या काटेरी रानात सोडून देतात.