शेततळ्यातील शेवाळ आणि ते खाणारे जलचर

यवतमाळ जिल्ह्यातील शेती प्रामुख्याने पावसावर अवलंबून असल्यामुळे शेततळ्याचे महत्त्व येथे वेगळे सांगावयास नको. २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' ही योजना सुरू झाल्यानंतर अशा तळ्यांची संख्या वाढली. कपाशीला एक-दोन संरक्षित पाणी, तुरीला फुलोऱ्यात एक पाणी किंवा पुसद-उमरखेडकडील हळदीला ठिबकाने पाणी, असा त्यांचा उपयोग होतो. परंतु तळे भरल्यावर दोन-तीन महिन्यांत पाणी हिरवे पडू लागते, कडेला शेवाळाचे पुंजके तरंगतात, ठिबकाची गाळणी वरचेवर तुंबते आणि जनावरे पाण्याला तोंड लावीत नाहीत. अशा वेळी 'शेवाळ खाणारे मासे सोडावेत काय', असा प्रश्न शेतकरी विचारतात. मासे सोडणे योग्य आहे. मात्र कोणता मासा कोणते शेवाळ खातो हे पाहून सोडले तरच त्याचा उपयोग होतो.

शहरातील छंदिष्ट लोक समुद्राच्या पाण्याच्या लहान काचपेटीत काचेवरील शेवाळ खरवडून खाणाऱ्या गोगलगायी, शंखातील खेकडे वगैरे प्राणी ठेवतात. तत्त्व तेच असले तरी शेततळे ही काचपेटी नव्हे. तेथील गोगलगाय येथे आणल्यास काय होईल, हे पुढे सांगितले आहे.

प्रथम शेवाळ ओळखावे. सर्व पाणी एकसारखे हिरवे दिसत असेल व ओंजळीत घेतल्यास हाती काहीच लागत नसेल, तर ते तरंगते सूक्ष्म शेवाळ होय. ओले केस किंवा लोकरीसारखे धागे हाती येत असतील तर ते तंतुमय शेवाळ. मुळे, खोड व पाने असलेली हायड्रिलासारखी वनस्पती, किंवा पृष्ठभागावर पसरणारी टिकलीएवढी हिरवी पाने, ही शेवाळे नसून पाणतणे होत. चौथा प्रकार सर्वांत घातक आहे. वारा ज्या काठाकडे वाहतो त्या काठाशी हिरव्या-निळ्या तेलरंगासारखी साय साचते व तिला दुर्गंधी येते. हे नील-हरित शेवाळ होय. त्याच्या काही जाती विष निर्माण करतात व असे पाणी पिऊन जनावरे दगावू शकतात. ही साय दिसताच जनावरांना त्या पाण्यापासून दूर ठेवावे; त्यासाठी माशांची वाट पाहू नये.

सूक्ष्म शेवाळासाठी सिल्व्हर कार्प हा मासा उपयोगी आहे. त्याच्या कल्ल्यांतील दाट चाळणीतून पाणी गाळले जाते व त्यात अडकलेले शेवाळ तो खातो. मूळचा चीनकडील हा मासा १९५९ साली भारतात आणला गेला. गवत्या मासा, म्हणजे ग्रास कार्प, हाही त्याच वर्षी आला. त्यापूर्वी दोनच वर्षे, १० जुलै १९५७ रोजी, ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी यांनी संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन कार्प माशांचे प्रजनन यशस्वी केले होते. आज शेतकऱ्याला मत्स्यबीज सहज मिळते ते याच पद्धतीमुळे. सिल्व्हर कार्पकडून अवास्तव अपेक्षा मात्र ठेवू नये. अगदी बारीक शेवाळ त्याच्या चाळणीतून निसटते आणि नील-हरित शेवाळाचे पुष्कळसे गोळे पचल्याविना बाहेर पडतात. पाणी आरशासारखे स्वच्छ करणे हे त्याचे काम नव्हे. शेवाळ मर्यादेत राहते व त्याचे विक्रीयोग्य मासळीत रूपांतर होते, हाच त्याचा खरा लाभ.

गवत्या माशाविषयी गैरसमज फार आहे. तो हायड्रिला व टिकलीसारखी पाणतणे आवडीने खातो. हिरव्या पाण्याला त्याचा काही उपयोग नाही. उलट त्याच्या भरपूर विष्ठेने पाण्याला खत मिळते व ते अधिकच हिरवे होते. म्हणून मातीच्या तळ्यात पाणतणे माजली असतील तरच तो सोडावा. प्लास्टिकचे अस्तर असलेल्या तळ्यात मुळे धरणारी तणे वाढत नाहीत. तेथे गवत्या सोडणे म्हणजे त्याला रोज चारा कापून घालण्याचे काम अंगावर घेणे होय.

रोहू मधल्या थरात राहतो व मोठा झाल्यावर शेवाळ आणि कुजकी पाने खातो. मृगळ तळाशी साचलेला सडका गाळ खातो. कटला मुख्यतः पाण्यातील सूक्ष्म प्राणी खात असल्याने तो शेवाळासाठी नव्हे, तर उत्पन्नासाठी सोडावयाचा. सायप्रिनस तळ उकरून खातो. मातीच्या तळ्यात त्यामुळे पाणी गढूळ होते व बांध पोखरले जातात, म्हणून ठिबकासाठी पाणी घेणाऱ्याने तो टाळलेला बरा.

३० मीटर लांब व ३० मीटर रुंद तळ्याचा पृष्ठभाग सुमारे ९ गुंठे भरतो. हेक्टरी ५,००० बोटुकली हे प्रमाण धरल्यास ४५० बोटुकली लागतात. पाणतणे असलेल्या मातीच्या तळ्यात रोहू १३०, सिल्व्हर कार्प ११०, मृगळ १००, कटला ६० व गवत्या ५० अशी विभागणी करता येईल. अस्तराच्या तळ्यात गवत्या वगळून रोहूची संख्या वाढवावी. बोटाएवढे बीज ऑगस्ट-सप्टेंबरात सोडावे. त्याहून लहान गवत्या तण खात नाही. तळे फेब्रुवारीतच आटत असेल तर संख्या निम्मी ठेवावी.

आता गोगलगायीविषयी. ती शेवाळ खरवडून खाते हे खरे. पण गोड्या पाण्यातील काही गोगलगायींच्या शरीरात जनावरांच्या पर्णकृमींची वाढ होते. तेथून बाहेर पडलेली कृमींची पिले काठच्या गवतावर चिकटतात व चरणाऱ्या गुराच्या पोटात जातात. ज्या तळ्यावर गुरे येतात तेथे गोगलगायी मुद्दाम आणून सोडणे म्हणजे रोग विकत घेणे होय. डासांसाठी सोडली जाणारी गंबुशिया मासळीही शेवाळाच्या कामाची नाही; शेवाळ खाणारे पाणपिसवांसारखे सूक्ष्म जीव ती फस्त करते व त्यामुळे पाणी अधिक हिरवे होऊ शकते. तिलापिया तंतुमय शेवाळ खातो, परंतु त्याची वीण इतकी वेगाने होते की थोड्याच काळात तळे खुरट्या माशांनी भरते. शिवाय त्याच्या पालनावर निर्बंध आहेत. तंतुमय शेवाळासाठी कोणत्याही माशापेक्षा जाड दोर बरा. दोघांनी दोन काठांवरून तो ओढीत नेऊन शेवाळ एका कोपऱ्यात गोळा करावे व खताच्या खड्ड्यात टाकावे. त्यासोबत पाण्यातील अन्नद्रव्येही बाहेर पडतात.

मोरचूद टाकून शेवाळ एकदम मारण्याचा मोह आवरावा. मोरचूद माशांना विषारी आहेच. शिवाय मेलेले शेवाळ कुजताना पाण्यातील प्राणवायू संपतो व सकाळी सारे मासे उलटे तरंगताना दिसतात. दाट हिरव्या पाण्यात सतत ढगाळ हवेतही हेच घडते. पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड काढून धापा टाकीत असतील तर पंपाने पाणी उचलून परत तळ्यातच फवाऱ्याने पाडावे.

मूळ कारण शेतातून वाहून येणारे खत व शेण हे आहे. आवकेच्या तोंडाशी गाळ बसण्यासाठी लहान खड्डा खणावा, युरिया टाकलेल्या वावरातील पहिले पाणी शक्यतो बाहेर वळवावे. फवारणीचा पंप तळ्यात कदापि धुऊ नये. २०१७ च्या हंगामात कपाशीवरील फवारणीच्या विषबाधेने या जिल्ह्यात माणसे दगावली. त्या औषधांपुढे बोटाएवढ्या माशाचा टिकाव लागणार नाही.

सांडव्याला बारीक जाळी बसविणे हे काम गावपातळीवरील कार्यकर्त्याने जातीने पाहावे. हिमाचल प्रदेशातील गोविंदसागर जलाशयात १९७१ साली सिल्व्हर कार्प चुकून शिरला व पुढे तेथील कटल्याला मागे सारून मुख्य मासळी होऊन बसला. आपल्या नाल्यांचे पाणी अखेर वर्धा-पैनगंगेलाच मिळते. त्याच जाळीने बाहेरचा मरळही आत येत नाही.

सिल्व्हर कार्प पाण्याबाहेर लवकर नासतो. त्यामुळे गिऱ्हाईक आधी ठरवावे, पहाटे जाळे ओढावे आणि माल त्याच दिवशी बाजारात पोचवावा.