चोरीचे आभासी चलन : माग कोणी काढावा, नकार कोणी द्यावा?

बाजारातून विकत घेतलेला बैल चोरीचा निघाला तर तो मूळ मालकाला परत द्यावा लागतो. घेणाऱ्याने पुरती किंमत मोजली होती आणि त्याला चोरीची कल्पनाही नव्हती, एवढ्याने बैलावर त्याचा हक्क सिद्ध होत नाही. जे विकणाऱ्याचे नव्हते ते त्याला दुसऱ्यास देताही येत नाही, असे वस्तूंच्या बाबतीतील कायद्याचे साधे सूत्र आहे. परंतु त्याच चोराने बैलाच्या पैशांतून कापड खरेदी केले, तर कापड दुकानदाराच्या गल्ल्यात पडलेली नोट त्याच्याकडून सहसा परत मागता येत नाही. दुकानदाराने ती प्रामाणिकपणे, मालाच्या मोबदल्यात घेतलेली असते. वस्तूला एक न्याय आणि पैशाला दुसरा, अशी ही व्यवस्था जगातील बहुतेक देशांत रूढ आहे.

आभासी चलनाने या व्यवस्थेपुढे एक नवा प्रश्न उभा केला आहे. हे चलन पैशासारखे हातोहात फिरते. मात्र त्याच्या प्रत्येक हस्तांतराची नोंद कायमची राहते. मग चोरीस गेलेल्या आभासी चलनाचा माग काढून, ते ज्याच्या हाती येईल त्याने ते नाकारावे काय? गेल्या काही वर्षांतील मोठ्या चोऱ्या पाहता या प्रश्नाचा विचार प्रशासनातील अधिकारी, शिक्षक व लोकप्रतिनिधी यांनीही करणे आवश्यक झाले आहे.

नोटेला वेगळा न्याय का?

हा प्रश्न कागदी नोटांच्या आरंभीच्या काळातही उपस्थित झाला होता. स्कॉटलंडमधील क्रॉफर्ड नावाच्या गृहस्थाने टपालातून २० पौंडांच्या दोन नोटा पाठविल्या होत्या. पुढे ओळख पटावी म्हणून त्यावर स्वतःचे नावही लिहिले होते. नोटा वाटेत गहाळ झाल्या आणि त्यांपैकी एक कालांतराने रॉयल बँकेत आढळली. नोट आपलीच आहे हे क्रॉफर्ड दाखवू शकत होता. तरीही १७४९ मध्ये न्यायालयाने ती त्याला परत दिली नाही. प्रत्येक नोटेचा पूर्वेतिहास तपासूनच ती घ्यावयाची ठरली तर व्यापार चालणार नाही, हे त्यामागील कारण होते. इंग्लंडमध्ये १७५८ साली लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी ‘मिलर विरुद्ध रेस’ या खटल्यात हाच सिद्धांत स्पष्ट केला. टपालावरील दरोड्यात गेलेली बँकेची नोट एका खाणावळवाल्याने सद्‌भावनेने व मोबदला देऊन घेतली होती. ती त्याचीच, असा निर्णय झाला.

भारतीय कायद्यातही हा भेद आढळतो. १९३० च्या मालविक्री अधिनियमाच्या कलम २७ नुसार विक्रेत्याकडे असेल त्याहून अधिक चांगला हक्क खरेदीदाराला सामान्यतः मिळत नाही. परंतु या अधिनियमातील ‘माल’ या शब्दाच्या व्याख्येतून पैसा वगळलेला आहे. याचा अर्थ चोरीचा पैसा कोणीही घ्यावा असा नव्हे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ नुसार, मालमत्ता चोरीची आहे हे ठाऊक असताना किंवा तसे मानण्यास कारण असताना ती अप्रामाणिकपणे स्वीकारणे अथवा बाळगणे हा गुन्हा आहे. म्हणजे घेणाऱ्याचे ज्ञान व हेतू यांना कायदा निर्णायक महत्त्व देतो.

उघडी खातेवही

बिटकॉइन हे पहिले प्रमुख आभासी चलन जानेवारी २००९ मध्ये सुरू झाले. त्यासाठी कोणतीही मध्यवर्ती बँक नाही. सर्व व्यवहारांची एकच खातेवही असते आणि तिच्या प्रती जगभरातील हजारो संगणकांवर ठेवलेल्या असतात. या खातेवहीलाच ‘ब्लॉकचेन’ म्हणतात. अमुक पत्त्यावरून तमुक पत्त्यावर किती रक्कम केव्हा गेली, हे कोणालाही पाहता येते. पत्ता हा अक्षरे व अंक यांचा संच असतो. त्यापुढे माणसाचे नाव नसते. ज्याच्याजवळ त्या पत्त्याची गुप्त किल्ली असेल तोच रक्कम पुढे पाठवू शकतो. किल्ली चोरीस गेली की रक्कमही गेली. झालेला व्यवहार मागे घेता येत नाही.

नाव नसले तरी पाऊलखुणा मात्र राहतात. ऑगस्ट २०१६ मध्ये बिटफिनेक्स या विनिमय केंद्रातून १,१९,७५६ बिटकॉइन चोरीस गेले. त्या वेळी त्यांचे मूल्य सुमारे ७ कोटी २० लक्ष डॉलर होते. त्यांपैकी बराच मोठा भाग वर्षानुवर्षे तसाच पडून राहिला, कारण हालचाल झाली की ती सर्वांना दिसणार होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने सुमारे ९४ हजार बिटकॉइन जप्त केले. तोवर भाव वाढल्याने त्यांचे मूल्य सुमारे ३६० कोटी डॉलर झाले होते. रोख रकमेच्या चोरीचा साडेपाच वर्षांनंतर असा छडा लागणे जवळजवळ अशक्यच होते. माग काढणे व्यर्थ नाही, हे या प्रकरणाने सिद्ध केले.

चोरांच्याही युक्त्या असतात. अनेकांच्या रकमा एकत्र करून परत वाटणाऱ्या ‘मिश्रक’ सेवा, एका चलनातून दुसऱ्या चलनात उड्या आणि रकमेचे असंख्य लहान तुकडे करणे, हे त्यांतील प्रमुख मार्ग होत. २१ फेब्रुवारी २०२५ रोजी बायबिट या विनिमय केंद्रातून सुमारे १५० कोटी डॉलर मूल्याचे चलन चोरीस गेले. पाचच दिवसांनी अमेरिकेच्या एफबीआय या तपास यंत्रणेने हे कृत्य उत्तर कोरियाचे असल्याचे जाहीर केले, संबंधित पत्त्यांची यादी प्रसिद्ध केली आणि विनिमय केंद्रांनी त्या पत्त्यांशी होणारे व्यवहार रोखावेत असे आवाहन केले. तोपर्यंत ही रक्कम हजारो पत्त्यांवर विखुरली जाऊ लागली होती. यावरून यादी किती त्वरेने निघते यालाही महत्त्व आहे, हे ध्यानात येईल.

डाग मोजावा कसा?

चोरीची रक्कम प्रामाणिक रकमेत मिसळली की खरी अडचण सुरू होते. समजा, एका पत्त्यावर प्रथम चोरीची ३ नाणी आली, नंतर सचोटीने मिळविलेली ७ नाणी आली आणि पुढे त्यांतून ३ नाणी एका दुकानदाराला दिली गेली. दुकानदाराच्या हाती काय आले? याची तीन उत्तरे दिली जातात.

पहिल्या पद्धतीनुसार चोरीच्या अंशाने सर्वच नाणी दूषित होतात. दहाही नाणी त्याज्य ठरतात. दुसऱ्या पद्धतीत डाग प्रमाणशीर वाटला जातो. प्रत्येक नाण्याचा तीस टक्के भाग चोरीचा मानला जातो. तिसऱ्या पद्धतीत जे आधी आले ते आधी गेले असे धरतात. त्यामुळे दुकानदाराकडे गेलेली तिन्ही नाणी चोरीची आणि उरलेली सात स्वच्छ ठरतात. हा तिसरा नियम इंग्लंडमधील १८१६ सालच्या ‘क्लेटन’ खटल्यातून आलेला आहे. बुडालेल्या पेढीच्या खात्यातील रकमांचा हिशोब लावताना तो वापरला गेला. केंब्रिज विद्यापीठातील प्राध्यापक रॉस अँडरसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये हाच नियम बिटकॉइनला लावण्याची सूचना केली.

पहिली पद्धत स्वीकारल्यास काही फेऱ्यांतच फार मोठे चलन दूषित ठरेल. सुक्याबरोबर ओलेही जळेल. दुसऱ्या पद्धतीत डाग इतका पातळ पसरतो की अखेर प्रत्येकाच्या हाती त्याचा कण येतो आणि कोणालाच काही परत मिळत नाही. तिसऱ्या पद्धतीत उत्तर निश्चित मिळते. खातेवही तपासणाऱ्या कोणालाही तेच उत्तर येते. परंतु ज्याच्या वाट्याला ती तीन नाणी आली त्या दुकानदाराचा दोष काय, हा प्रश्न तिनेही सुटत नाही. डाग कुठे आहे हे गणित सांगेल. नुकसान कोणी सोसावे हे कायद्यालाच ठरवावे लागेल.

नाकारण्यातील धोके

‘चोरीचे चलन घेऊ नका’ असे सांगणे सोपे आहे. प्रत्यक्षात, बहुतेक आभासी चलनांत येणारी रक्कम नाकारण्याची सोयच नसते. पत्ता ठाऊक असलेला कोणीही त्यावर रक्कम टाकू शकतो. ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेच्या वित्त विभागाने टोर्नाडो कॅश या मिश्रक सेवेवर निर्बंध घातले, तेव्हा कोणा अज्ञाताने त्याच सेवेतून काही प्रसिद्ध व्यक्तींच्या पत्त्यांवर न मागता किरकोळ रकमा पाठवून दिल्या. केवळ डाग आढळला म्हणून दोष द्यावयाचा, तर कोणालाही दोषी ठरविणे इतके सोपे होईल. म्हणून ‘नाकारणे’ याचा व्यवहार्य अर्थ, आलेली रक्कम वेगळी ठेवणे, पुढे न पाठविणे आणि यंत्रणेला कळविणे, एवढाच घेतला पाहिजे.

दुसरा धोका यादी करणाऱ्याचा आहे. टोर्नाडो कॅशवरील निर्बंध कायद्याच्या मर्यादेबाहेरचे असल्याचा निर्णय नोव्हेंबर २०२४ मध्ये तेथील अपील न्यायालयाने दिला आणि मार्च २०२५ मध्ये ते मागे घेण्यात आले. शासनाच्या यादीलाही न्यायालयीन कसोटी लागते, हे यावरून दिसते. मग खाजगी संस्थांनी आपापल्या समजुतीप्रमाणे याद्या केल्या आणि त्यांवर दाद मागण्याची सोय नसली, तर निरपराध माणसाने जावे कोठे?

हा अनुभव भारतीयांना सर्वस्वी नवा नाही. सायबर फसवणुकीची रक्कम अनेक बँक खात्यांतून फिरविली जाते आणि तिचा एखादा अंश लहान व्यापाऱ्याच्या खात्यात मालाची किंमत म्हणून येतो. तपासात ते खातेच गोठविले गेले तर त्याची सर्व पुंजी अडकते. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अशा एका प्रकरणात, संशयित रकमेपुरतेच गोठविणे मर्यादित ठेवावे, असे निर्देश दिले. चोर सोडून संन्याशाला फाशी होऊ नये, याच तत्त्वाचा तो आधुनिक आविष्कार म्हणता येईल.

भारतातील स्थिती

भारतात आभासी चलन हे वैध चलन नाही. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांना या व्यवहारांस सेवा देण्यास मनाई केली होती. ते परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द ठरविले. २०२२ च्या अर्थसंकल्पाने ‘आभासी डिजिटल मालमत्ता’ अशी संज्ञा योजून तिच्यावरील नफ्यास ३० टक्के कर लागू केला. ७ मार्च २०२३ च्या अधिसूचनेने विनिमय केंद्रे काळा पैसा प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत आली. ग्राहकाची ओळख पटविणे, व्यवहारांच्या नोंदी ठेवणे आणि संशयास्पद व्यवहार केंद्राच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाला कळविणे त्यांना बंधनकारक झाले.

प्रश्न किती जवळचा आहे हे १८ जुलै २०२४ रोजी दिसून आले. मुंबईत स्थापन झालेल्या वझीरएक्स या विनिमय केंद्रातून सुमारे २३ कोटी डॉलरची, म्हणजे जवळजवळ दोन हजार कोटी रुपयांची मालमत्ता चोरीस गेली. रकमा काढणे थांबविण्यात आले आणि असंख्य ग्राहकांना आपल्या पुंजीसाठी दीर्घकाळ तिष्ठत राहावे लागले. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिका, जपान व दक्षिण कोरिया यांनी संयुक्त निवेदनाद्वारे या चोरीची जबाबदारी उत्तर कोरियाच्या हस्तकांवर ठेवली.

भार कोणावर?

मूळ मालक आणि शेवटचा प्रामाणिक धारक, हे दोघेही निर्दोष असतात. अशा वेळी, चोरी रोखणे वा ओळखणे कोणाच्या आटोक्यात होते, हे पाहणे न्याय्य ठरते. गुरांच्या बाजारात जनावराच्या पावतीची तपासणी प्रत्येक गिऱ्हाइकाने गावोगाव हिंडून करावी, अशी अपेक्षा कोणी करीत नाही. ती बाजाराच्या दाराशीच व्हावी लागते. आभासी चलनाचे रुपयांत किंवा डॉलरमध्ये रूपांतर करणारी विनिमय केंद्रे हेच या बाजाराचे दार होय. माग काढण्याची साधने त्यांच्याजवळ आहेत, ग्राहकांची ओळख त्यांच्याजवळ आहे आणि कायद्याचे बंधनही त्यांच्यावर आहे.

म्हणून चोरीच्या चलनाचा माग अवश्य काढला जावा. नकाराचे कर्तव्य मात्र प्रथम या दारावर असावे. चोरीची यादी सक्षम शासकीय यंत्रणेने त्वरेने प्रसिद्ध करावी व तीत कारणे नमूद असावीत. प्रसिद्धीपूर्वी सद्‌भावनेने मोबदला देऊन घेणाऱ्यास संरक्षण असावे. प्रसिद्धीनंतर जाणूनबुजून घेणाऱ्यास ते नसावे. गोठविणे संशयित अंशापुरते असावे आणि धारकाला ठराविक मुदतीत दाद मागता यावी. दाराबाहेर, माणसामाणसांत होणारे व्यवहार यामुळे पूर्णतः थांबणार नाहीत, हे मान्य केले पाहिजे. परंतु ज्या मालाचे उघड बाजारात पैसे होत नाहीत, त्याच्या चोरीचा मोह निश्चितच घटतो.

गावपातळीवरील कर्तव्य

या बाबतीत ग्रामपंचायती व शाळा यांनाही करण्यासारखे पुष्कळ आहे. फसवणूक वा चोरी झाल्यास विलंब न करता १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर आणि सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवर तक्रार करावी, ही माहिती ग्रामसभेत सांगितली जावी व सूचनाफलकावर लावली जावी. तक्रारीसोबत रक्कम गेलेला पत्ता, व्यवहाराचा क्रमांक आणि वेळ देणे अगत्याचे आहे. माग तेथूनच सुरू होतो. गेलेली रक्कम परत मिळवून देतो असे सांगून आगाऊ शुल्क मागणारे लोक बहुधा दुसऱ्या फसवणुकीच्याच तयारीत असतात. थोड्या पैशांसाठी आपले बँक खाते परक्यास वापरावयास देणे म्हणजे चोरीच्या रकमेला वाट करून देणे होय, हे शिक्षकांनी महाविद्यालयीन तरुणांच्या मनावर विशेषत्वाने बिंबविले पाहिजे.

पैसा कोठून आला हे विचारण्याची गरज पडू नये, म्हणून समाजाने त्याला विश्वासाचे स्थान दिले. आता पैशासारख्याच फिरणाऱ्या या मालमत्तेला तो प्रश्न विचारण्याचे साधन हाती आले आहे. तो विचारला जावा. परंतु ज्याला उत्तर देता येईल त्यालाच तो प्रथम विचारला जावा, यातच कायद्याचे शहाणपण आहे.