स्वल्पविरामावर तोडा, पण जपून : टेम्प्लेटमध्ये स्ट्रिंगचे तुकडे करणे



शाळेची छोटी वेबसाइट आता बरेच शिक्षक स्वतःच करतात. माहिती येते गूगल फॉर्ममधून किंवा एक्सेलमधून, आणि एकाच रकान्यात बरंच काही कोंबलेलं असतं. ते पानावर सुटं करून दाखवायचं कसं, हे आज पाहू.

समजा, खडकीतल्या एका शाळेला स्कूलबससाठी भागवार याद्या करायच्या आहेत. रकान्यात पत्ता आहे : 'घर क्र. १२, शांती अपार्टमेंट, खडकी बाजार, पुणे ४११००३'. आपल्याला हवंय फक्त 'खडकी बाजार'. म्हणजे ही स्ट्रिंग स्वल्पविरामावर तोडायची. ज्या चिन्हावर तोडतो त्याला डिलिमिटर म्हणतात, आपण विभाजक म्हणू.

टेम्प्लेट म्हणजे पानाचा साचा. लिक्विड आणि ट्विग या साचा-भाषांमध्ये 'स्प्लिट' फिल्टर तयार मिळतो. जिंजामध्ये पायथनचीच स्प्लिट मेथड थेट वापरता येते. जँगोत मात्र तुकडे जोडायला 'जॉइन' आहे, तोडायला काही नाही. साच्याने दाखवायचं काम करावं, आकडेमोड आणि विचार पायथनने करावा, असा जँगोचा दंडक आहे. मला तो पटतो.

तरी फिल्टर हवाच असेल, तर तो पाच मिनिटांत होतो. ॲपच्या फोल्डरमध्ये 'टेम्प्लेटटॅग्ज' नावाचा फोल्डर करा (नाव अर्थातच इंग्रजी अक्षरांत). त्यात रिकामी 'इनिट' फाइल आणि शेजारी आपली एक पायथन फाइल. तिच्यात मजकूर आणि विभाजक घेऊन तुकड्यांची यादी परत देणारं दोन ओळींचं फंक्शन लिहा, ते फिल्टर म्हणून रजिस्टर करा आणि साच्यात वरच 'लोड' करा. सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करायचं विसरू नका, नाहीतर फिल्टर सापडतच नाही. वापरताना मूल्य, उभी रेघ, फिल्टरचं नाव, कोलन आणि अवतरणचिन्हांत स्वल्पविराम. कोलनच्या मागेपुढे जागा सोडायची नाही.

मोजणी शून्यापासून होते, म्हणून 'खडकी बाजार' हा तुकडा क्रमांक दोन. इथपर्यंत सगळं छान!

आता पुढचा पत्ता बघा : 'घर क्र. ७, खडकी बाजार, पुणे ४११००३'. अपार्टमेंटच नाही. तुकडा क्रमांक दोन झाला 'पुणे ४११००३', आणि हे मूल खडकी बाजारच्या यादीतून गायब. पानावर लाल अक्षरात एरर वगैरे काही येत नाही. बसवाल्या काकांच्या हातात यादी जाते आणि एक मूल थांब्यावर उभं राहतं. म्हणून पत्त्यासारखी माहिती साच्यात तोडूच नये. फॉर्ममध्येच भागाचा वेगळा रकाना ठेवा, तोही यादीतून निवडायचा. नाहीतर कुणी 'खडकी' लिहील, कुणी 'किरकी', आणि संगणकाला ती दोन गावं वाटतील.

छंद, विषय अशा सुट्या याद्या तोडायला हरकत नाही. तिथेही 'मराठी, गणित' तोडल्यावर दुसरा तुकडा 'गणित' नसतो. त्याच्या आधी एक मोकळी जागा असते, आणि तुलना केली की जुळत नाही. फंक्शनमध्येच प्रत्येक तुकड्याच्या कडेच्या जागा 'स्ट्रिप'ने काढून टाका. विभाजक म्हणून उभी रेघ चांगली, कारण ती पत्त्यात किंवा नावात सहसा येत नाही. मात्र कीबोर्डवरची उभी रेघ आणि श्लोकातला दंड दिसायला सारखे असले, तरी संगणकासाठी निराळे.

आणखी एक गंमत. जँगोतला 'मेक लिस्ट' फिल्टर शब्दाची अक्षरं सुटी करतो. 'खडकी'ला तो लावला तर तुकडे चार पडतात : ख, ड, क आणि एकटी वेलांटी! आपल्याला अक्षरं तीनच दिसतात, पण युनिकोडमध्ये वेलांटीला स्वतःचा क्रमांक आहे. मराठीच्या तासाला अक्षरं मोजायचा खेळ करणार असाल, तर हा फिल्टर वापरू नका.

मुलांना हे कात्रीने शिकवा. कागदाच्या पट्टीवर पत्ता लिहा आणि प्रत्येक स्वल्पविरामावर कापायला सांगा. तीन स्वल्पविराम, चार तुकडे. मग 'मराठी,,गणित' अशी पट्टी द्या आणि कापण्याआधी विचारा, तुकडे किती? दोन म्हणणाऱ्यांना मधला कोरा कपटा उचलून दाखवायला लावा.