‘वऱ्हाड’ हा शब्द संगणक कसा लिहितो?

सुटीच्या दिवशी काही मुले मैदानावर दिसत नाहीत. कुणी चित्रकथेच्या फाटक्या अंकात डोके खुपसून बसलेला असतो, कुणी बंद पडलेल्या रेडिओचे स्क्रू काढत असतो, तर कुणी संगणकापुढे बसून वेबपान कसे तयार होते याचा शोध घेत असतो. अशा छंदांना पालक ‘रिकामे उद्योग’ म्हणतात. आम्ही शिक्षकही तसेच म्हणत होतो. या स्मरणिकेचे काम करताना आमचे मत बदलले. ते का बदलले हे सांगावे आणि त्यानिमित्ताने एक लहानसा पाठही द्यावा, असा या लेखाचा हेतू आहे.

माजी विद्यार्थ्यांच्या आठवणींचे काही लेख आम्हाला एका जुन्या सीडीवर मिळाले. ते उघडले तेव्हा पडद्यावर एकही मराठी अक्षर नव्हते. इंग्रजी अक्षरे, कंस आणि स्वल्पविराम यांची नुसती सरमिसळ दिसत होती. त्यांपैकी एका लेखाचा लेखक आज हयात नाही आणि त्या लेखाची दुसरी प्रत कोठेही नाही. तो लेख कायमचा गेला, असे समजून आम्ही हळहळलो. दहावीतील एका विद्यार्थ्याने मात्र पडदा नीट पाहिला आणि तो म्हणाला, “सर, मजकूर जागेवरच आहे. आपल्याकडे त्याचा फॉन्ट नाही, एवढंच.”

त्याचे म्हणणे खरे होते. संगणकाला अक्षर कळत नाही, क्रमांक कळतो. प्रत्येक अक्षरासाठी तो एक क्रमांक साठवतो आणि त्या क्रमांकाचे चित्र फॉन्टमधून काढून पडद्यावर दाखवतो. पूर्वीच्या अनेक मराठी फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्याच क्रमांकांवर देवनागरीचे आकार बसवलेले असत, आणि प्रत्येक फॉन्टची मांडणी वेगळी असे. फॉन्ट हरवला की चित्रे जात आणि मागे निरर्थक इंग्रजी अक्षरे उरत.

यावर उपाय निघाला तो अक्षरांना स्वतंत्र व कायमचे क्रमांक देऊन. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे भारतीय मानक १९९१ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी जगातील लिप्यांसाठी ‘युनिकोड’ची पहिली आवृत्ती आली आणि तीत देवनागरीची मांडणी इस्कीच्याच धर्तीवर झाली. युनिकोडमध्ये ‘क’चा क्रमांक २३२५ आहे. सेमाडोहच्या संगणकावर तो जो आहे, तोच टोकियोच्या संगणकावरही आहे.

त्या विद्यार्थ्याने जुन्या फॉन्टमधील एकेका चिन्हासमोर युनिकोडचे अक्षर लिहून तक्ता तयार केला. त्यात त्याचे तीन रविवार गेले. मजकूर मराठीत उमटला तेव्हा सर्वांनाच आनंद झाला, पण पहिल्याच परिच्छेदात वाक्य होते, “मेळघाटच्या दर्यांत आमचे बालपण गेले.” मेळघाटात दर्या कोठून आला? लेखकाने अर्थातच ‘दऱ्यांत’ लिहिले होते. तक्त्यात एक चिन्ह चुकले आणि डोंगरात समुद्र शिरला.

हीच चूक आमच्या पाठाचा विषय आहे. मराठीत ‘र’ पुढच्या अक्षराला दोन प्रकारे जोडला जातो. ‘दर्या’मध्ये तो रफार होऊन डोक्यावर जातो, तर ‘दऱ्या’मध्ये आडव्या छोट्या रेघेसारखा पुढच्या अक्षराला चिकटतो. तऱ्हा, गुऱ्हाळ, दुसऱ्या आणि आपला वऱ्हाड हे शब्द या दुसऱ्या प्रकारचे आहेत. हिंदीला त्याची गरज पडत नाही. मराठीला पदोपदी पडते. संगणक ‘वऱ्हाड’ हा शब्द असा साठवतो :

व – २३५७
ऱ – २३५३
हलन्त चिन्ह – २३८१
ह – २३६१
काना – २३६६
ड – २३३७

येथे साध्या ‘र’ऐवजी खाली टिंब असलेला ‘ऱ’ आला आहे, हे लक्षात घ्यावे. भारतीय प्रमाण कळफलकावर, म्हणजे इनस्क्रिप्टवर, इंग्रजी ‘जे’च्या कळीने ‘र’ उमटतो आणि तीच कळ शिफ्टसह दाबली की ‘ऱ’ उमटतो. साधा ‘र’, हलन्त चिन्ह आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरूनही हाच आकार मिळतो. डोळ्यांना फरक दिसत नाही, परंतु क्रमांक वेगळे असतात. म्हणून एका पद्धतीने लिहिलेला ‘वऱ्हाड’ दुसऱ्या पद्धतीने शोधणाऱ्यास सापडेलच असे नाही. शाळेच्या सर्व लेखनात एकच पद्धत ठेवावी, असे आम्ही ठरवले आहे.

आता वेबपानाविषयी. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत १९८९ साली वेबची कल्पना मांडली आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने ती सर्वांसाठी विनामूल्य खुली केली. वेबपान तयार करण्यास इंटरनेट लागते, हा मोठा गैरसमज आहे. साध्या मजकूर-लेखकात, म्हणजे नोटपॅडसारख्या प्रोग्रॅममध्ये, कोनी कंसांतील खुणांसह मजकूर लिहावा, फाइलच्या नावाअखेर ‘डॉट एचटीएमएल’ लावावे आणि ती ब्राउझरमध्ये उघडावी. जंगलात मोबाइलचे जाळे नसले तरी हे काम अडत नाही. दोन खुणा मात्र विसरू नयेत. अक्षरे ‘यूटीएफ-८’ पद्धतीने साठवली आहेत असे एक खूण सांगते; पानाची भाषा मराठी आहे असे दुसरी सांगते. दुसऱ्या खुणेमुळे, फॉन्टमध्ये सोय असल्यास, ‘ल’ आणि ‘श’ आपल्या मराठी वळणाने उमटतात.

या पाठाचा स्वाध्याय आम्ही मुलांना दिला आहे : सेमाडोहचे एक पान तयार करा. त्यात सिपना नदी यावी, १९७४ पासूनचा व्याघ्रप्रकल्प यावा आणि घरी आजी-आजोबा बोलतात ते कोरकू शब्दही यावेत. कोरकू ही मुंडा गटातील भाषा आहे. त्या भाषेत सागाला ‘सिपना’ म्हणतात, हे रोज नदी ओलांडणाऱ्या कित्येकांना ठाऊक नसते. असे शब्द कागदावरही थोडेच उतरले आहेत. ते योग्य क्रमांकांनी साठवले गेले तर आमच्या सीडीसारखी त्यांची गत होणार नाही.

माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे की, घरात जुन्या फॉन्टमधील लेख, पत्रे किंवा कविता असतील तर त्या टाकून देऊ नयेत; शाळेकडे पाठवाव्यात. तक्ता तयार आहे आणि त्यातील ‘दऱ्या’ही आता दुरुस्त झाल्या आहेत. पालकांना एवढेच सांगावेसे वाटते की, मूल संगणकापुढे बसलेले दिसले तर रागावण्यापूर्वी ते काय करीत आहे हे एकदा विचारावे. आम्ही ते फार उशिरा विचारले.