कोरडी सॅक : पावसाळी ट्रेकला पैसे कुठे घालायचे, कुठे वाचवायचे

जून उजाडला की रेनकव्हर, पॉन्चो, जॅकेटं दुकानांच्या दर्शनी भागात येतात आणि पहिल्यांदाच ट्रेकला निघालेली मंडळी हमखास चुकीच्या जागी पैसे घालतात. तीन हजारांचं जॅकेट घेतात, सॅकबरोबर फुकट आलेलं पातळ कव्हर वरून चढवतात आणि कपडे आत नुसतेच कोंबतात. संध्याकाळी मुक्कामाला पोचल्यावर जॅकेटच्या आत घामाने चिंब आणि सॅकमधले बदलायचे कपडेही ओले, अशी अवस्था होते. मला सांगायचं आहे ते एवढंच : सॅकमध्ये पाणी शिरणारच असं धरून चाला आणि पैसे सॅकच्या आत घाला. हे काम तीनशे-साडेतीनशे रुपयांत होतं.

पुढे दिलेले भाव अंदाजे आहेत. ब्रँड, माप आणि दुकान यांनुसार ते खाली-वर होतील.

कव्हर असूनही सॅक का भिजते?

लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे राजमाचीच्या पायथ्याच्या उढेवाडीला जाणारी वाट घ्या. अंतर सुमारे पंधरा किलोमीटर, म्हणजे रमतगमत पाच-सहा तास. चढ फारसा नसल्यामुळे नवख्यांची ही आवडती वाट. पण जुलैत घाटमाथ्यावरचा पाऊस सरळ पडत नाही. दरीतून वर येणाऱ्या वाऱ्याबरोबर तो आडवा येतो, कधी चक्क खालून वर येतो.

आता रेनकव्हर नीट पाहा. ते सॅकची बाहेरची बाजू झाकतं. तुमच्या पाठीला टेकलेली बाजू उघडीच राहते, कारण पट्टे तिथूनच बाहेर येतात. डोक्यावरून, मानेवरून ओघळलेलं पाणी पाठ आणि सॅक यांच्या फटीतून खाली उतरतं. पाठीकडचा फोम ते पितो आणि शिवणींमधून हळूहळू आत सोडतो. उरलेलं पाणी कव्हरच्या आतून बुडाशी साचतं. तासाभराने सॅक जड का वाटते, हे कळत नाही. खाली हात लावला की कळतं. त्यात सॅकच्या बाहेर कॅरीमॅट बांधलेली असेल तर कव्हर पुरं बसतच नाही आणि पठारावरचा वारा ते उपटून नेतो.

कव्हर निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. ते चिखल अडवतं, सॅकचं कापड पाणी पिऊन जड होऊ देत नाही. दोनशे ते सहाशे रुपयांत मिळतं. घेताना तीन गोष्टी बघा : कडेच्या इलॅस्टिकला आवळायची दोरी आहे का, सॅकला बांधून ठेवायला मधे पट्टा किंवा बक्कल आहे का आणि बुडाशी पाणी निचरायला छोटं भोक आहे का. भोक नसेल तर धातूची रिंग बसवून घ्या. चपला-पिशव्या दुरुस्त करणारे दहा-वीस रुपयांत ते काम करून देतात.

खरं काम करते ती आतली पिशवी

सॅकच्या आत, सगळ्या सामानाभोवती, एक मोठी जाड प्लॅस्टिकची पिशवी. ट्रेकर तिला लायनर म्हणतात. पॅकिंगचं सामान विकणाऱ्या दुकानात ती मिळते. पुण्यात रविवार पेठेतली बोहरी आळी, मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या आसपासच्या गल्ल्या ही यासाठीची जुनी ठिकाणं. दुकानदार इंच आणि गेजमध्ये बोलतात. पन्नास लिटरच्या सॅकसाठी २४ बाय ४२ इंच, ४०० गेज असं सांगा. ४०० गेज म्हणजे साधारण १०० मायक्रॉन. एक पिशवी पंचवीस ते साठ रुपयांना पडते. दोन घ्या, एक राखीव. घरात नव्या गादीबरोबर किंवा एखाद्या उपकरणाबरोबर आलेली जाड पिशवी पडून असेल तर तीही चालते. फक्त हवा भरून, दाबून भोक नाही ना ते बघा. हातात धरायच्या पातळ पिशव्यांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहेच आणि त्या या कामाच्याही नाहीत. पहिल्याच ताणाला फाटतात.

बाजारात याच कामासाठी हजार-बाराशेचे लायनरही आहेत. ते वजनाला हलके असतात, बाकी विशेष फरक नाही. दोन दिवसांच्या ट्रेकसाठी मी ते घ्यायला सांगणार नाही.

पिशवी बंद कशी करता यावर सारं अवलंबून आहे. सामान भरून झालं की वर निदान वीतभर पिशवी रिकामी राहिली पाहिजे. पिशवीवर छातीने दाब देऊन आतली हवा काढा. तोंड एकत्र धरून पीळ देत जा, इतका की त्याची घट्ट दोरी होईल. ती दोरी मधोमध दुमडून खाली वळवा आणि दुमडलेल्या भागावर जाड रबरबँडचे चार-पाच वेढे घ्या. तोंड खालच्या दिशेला राहिल्यामुळे वरून आलेलं पाणी आत जात नाही. नुसती गाठ मारली तर ती ओल्या हातांनी सुटत नाही आणि सोडवताना पिशवी फाटते.

रोल-टॉप ड्रायबॅगचा मोह अनेकांना होतो. दहा लिटरची ड्रायबॅग तीनशेपासून आठशेपर्यंत मिळते. घ्यायचीच तर एकच घ्या, ती झोपायच्या कपड्यांसाठी आणि स्लीपिंग बॅगसाठी. जाड ताडपत्रीसारख्या कापडाच्या पिशव्या होडीत ठेवायला ठीक. सॅकमध्ये त्या फुकट वजन वाढवतात. पातळ नायलॉनची पुरते. तोंडाच्या निदान तीन घड्या केल्याशिवाय बक्कल लावू नका. एक घडी करून लावलेली ड्रायबॅग आणि उघडी पिशवी यांत फार अंतर नाही.

न्हाणीघरातली परीक्षा

हिला खर्च शून्य आणि मला वाटतं, या लेखातलं सगळ्यात उपयोगी वाक्य हेच : निघायच्या आधी सॅक शॉवरखाली धरा. सॅकमध्ये जुनी वर्तमानपत्रं चुरगळून भरा, कव्हर लावा आणि दहा मिनिटं पाणी सोडा. मग सॅक फिरवून पाठीकडच्या बाजूवर पाच मिनिटं. नंतर कागद एकेक करून बाहेर काढा. कुठले ओले आणि कुठले कोरडे, यावरून तुमच्या सॅकची गळकी जागा नेमकी कळते. बहुतेक वेळा ती वरच्या झाकणाची चेन, पाठीच्या तळाची शिवण किंवा पट्टे शिवलेली जागा निघते. शिवणींना आतून लावायचा सीलर दोनशे-चारशेला मिळतो, पण लायनर असेल तर त्याची गरज नाही. मग लायनर लावून हीच परीक्षा पुन्हा घ्या. आता आतला एकही कागद ओला होता कामा नये.

भरण्याचा क्रम

सगळ्यात खाली स्लीपिंग बॅग आणि रात्रीचे कपडे. ही जोडी मुक्कामाच्या छपराखाली गेल्याशिवाय उघडायची नाही. सकाळी पुन्हा कालचेच ओले कपडे चढवायचे आणि कोरडे परत पिशवीत ठेवायचे. हे जिवावर येतं, पण जो सकाळी मोहाला बळी पडून कोरडा टी-शर्ट घालतो त्याच्याकडे दुपारनंतर काहीच कोरडं उरत नाही. वारा आणि ओले कपडे एकत्र आले की सह्याद्रीतल्या पावसातही माणूस थंडीने काकडतो, हातांची बोटं चालेनाशी होतात. म्हणून कोरडा जोड ही चैन नाही. चालताना कॉटन आणि जीन्स नको. ते कपडे पाणी धरून ठेवतात. ड्रायफिटचे साधे टी-शर्ट अडीचशे-तीनशेला मिळतात. स्लीपिंग बॅग सिंथेटिक भरणाचीच हवी, कारण पिसांची एकदा भिजली की तिची ऊब गेलीच. वर्षातून एकदोनदाच लागत असेल तर भाड्याने घ्या. शहरांत दिवसाला साधारण शंभर-दीडशेत मिळते.

खाण्याचे डबे, पाणी, प्रथमोपचाराची पेटी आणि पॉन्चो लायनरच्या वर किंवा बाहेर. वाटेत लागणाऱ्या वस्तूसाठी लायनर उघडावा लागला तर भर पावसात सगळं कष्टाने केलेलं वाया जातं.

मोबाइल आणि चिल्लर वस्तू

झिप-लॉक पिशव्यांचं पाकीट शंभर-दीडशेला येतं. मोबाइल, पॉवरबँक, पैसे, आधारकार्ड, औषधं आणि गाडीची किल्ली, प्रत्येकाची वेगळी पिशवी. किल्ली लोक विसरतात. रिमोटवाल्या किल्लीत पाणी गेलं तर गाडी पायथ्याशी आणि आपण उघड्यावर. गळ्यात अडकवायचं मोबाइलचं पारदर्शक पाउच शंभर-दोनशेचं. ते घरी आत कागद घालून बादलीत बुडवून बघा, मगच विश्वास ठेवा.

फोनवर आयपी६८ लिहिलं आहे म्हणून निर्धास्त राहू नका. ती चाचणी नव्या फोनची, स्वच्छ आणि स्थिर पाण्यातली असते. एकदा पडलेल्या किंवा उघडून दुरुस्त केलेल्या फोनला तो आकडा लागू नाही. टॉर्चवर आयपीएक्स४ असेल तर ती पाण्याचे शिंतोडे सोसते, बुडणं नाही. चार्जिंगची खाच ओली असताना फोन पॉवरबँकला लावू नका.

अंगावर काय?

महागडी ‘श्वास घेणारी’ जॅकेटं थंड, कोरड्या हवेत कामाची. आपल्या घाटमाथ्यावर जुलैत हवा आधीच बाष्पाने भरलेली असते, घामाची वाफ बाहेर जायला जागाच नसते. चढावर माणूस आतून भिजतो. त्यापेक्षा सॅकसकट झाकणारा पॉन्चो बरा. तो पाठीकडची फटही झाकतो. चारशे ते बाराशेत चांगला मिळतो. भातलावणी करणारी मावळातली आणि कोकणातली माणसं पिढ्यानपिढ्या इरलं वापरत आली ती याच विचाराने : पाठ झाकली गेली पाहिजे आणि खालून वारा खेळला पाहिजे. मात्र हरिहर किल्ल्यासारख्या खड्या पायऱ्यांवर किंवा कातळटप्प्यावर पॉन्चो काढून ठेवा. पाऊल कुठे पडतंय ते दिसत नाही आणि वाऱ्याने तो तोंडावर येतो. तीस-चाळीस रुपयांचे पातळ पॉन्चो घेऊ नका. ते करवंदीच्या जाळीत फाटतात आणि त्यांचे तुकडे डोंगरातच राहतात.

परतल्यावर

सॅकची बरीच हानी घरी आल्यावर होते. ओली सॅक, गुंडाळलेलं कव्हर तसंच माळ्यावर टाकलं की आतला पॉलियुरेथेनचा थर दमटपणाने चिकट होतो, कुबट वास येतो आणि मग पापुद्रे सुटतात. त्याला इलाज नाही. सगळे कप्पे उघडून सॅक उलटी टांगा, पंख्याखाली, सावलीत, दोन दिवस. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे घाला आणि ओले झाले की बदला. गावातल्या घरी मुक्काम असेल तर चुलीच्या थेट वर सिंथेटिक कपडे वाळत घालू नका, वितळतात.

हिशेब

दोन लायनर, झिप-लॉक पिशव्या आणि मोबाइलचं पाउच : साधारण तीनशे-साडेतीनशे रुपये. एवढ्यावर दोन दिवसांचा राजमाची कोरड्या कपड्यांत झोपून होतो. साधं कव्हर आणि साधा पॉन्चो धरला तर हजार-बाराशे. एक ड्रायबॅग वाढवली तरी आकडा दोन हजारांच्या आत राहतो. सामान कोरडं ठेवण्यासाठी याहून जास्त खर्च करू नका. हाताशी आणखी पैसे असतील तर ते ओल्या कातळावर पकड घेणाऱ्या, खोल नक्षीच्या रबरी तळव्याच्या बुटांवर घाला.