इशारा देणारी आज्ञावली दुसऱ्या संगणकावर नेताना

गुलाबी बोंडअळीच्या सर्वेक्षणात कामगंध सापळ्यातील पतंगांची मोजणी हा निर्णयाचा पाया असतो. सलग तीन रात्री प्रति सापळा आठ किंवा त्याहून अधिक पतंग आढळल्यास आर्थिक नुकसानीची पातळी गाठली, असे मानले जाते. २००८ मध्ये सोयाबीनवर आलेल्या किडींच्या उद्रेकानंतर महाराष्ट्रात २००९-१० पासून ‘क्रॉपसॅप’ प्रकल्प सुरू झाला आणि शेतातील नोंदी संगणकावर एकत्र करून सल्ला देण्याची रीत रुळली. एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या कार्यालयातही हे लहान प्रमाणावर करता येते. नोंदींची फाइल घ्यावी, छोटी शेल स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञावली, चालवावी आणि संदेश तयार करावा. अडचण येते ती हीच आज्ञावली दुसऱ्या संगणकावर नेल्यावर.

शेल हा एकच एक कार्यक्रम नाही. ‘एसएच’ या नावामागे फेडोरावर ‘बॅश’ असतो. उबुंटूवर २००६ पासून आणि डेबियनवर २०११ पासून ‘डॅश’ असतो. सी-डॅकची ‘बॉस’ प्रणालीही डेबियनवरच आधारलेली आहे. दोन शब्द सारखे आहेत का, हे पाहण्यासाठी चौकटी कंसात == असे लिहिले तर बॅश ते मुकाट्याने स्वीकारतो. डॅशला केवळ = हेच चिन्ह ठाऊक आहे. तो तक्रारीची एक ओळ छापतो, परंतु आज्ञावली थांबवत नाही. तुलना ‘खरी’ न ठरल्यामुळे काम ‘अन्यथा’ या शाखेत जाते आणि तेथे लिहिलेले असते : प्रादुर्भाव पातळीखाली, फवारणी नको. आज्ञावली रात्री आपोआप चालत असेल, तर ती तक्रारीची ओळ कोण वाचणार?

विंडोजवरून आलेली फाइलही हेच करते. तिच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी एक अदृश्य चिन्ह असते. ते ८ या अंकाला चिकटले की बॅशच्या लेखी तो आकडा राहत नाही, तुलना फसते आणि पुन्हा ‘फवारणी नको’. ‘टीआर’ आज्ञेने ते चिन्ह आधीच काढून टाकावे. देवनागरी अंकांत केलेल्या नोंदींचीही हीच गत होते.

शून्याचा दोष अधिक लबाड आहे. द्वारकेतील माझ्या टेबलावर उबुंटू व मॅक शेजारी-शेजारी आहेत. एका सापळ्याची ०१० ही नोंद बेरजेत घेतली, तर मॅकवरील ‘झेडशेल’ त्याच्या नेहमीच्या रीतीत ती १० धरतो. बॅश मात्र पुढील शून्यामुळे संख्या अष्टमान समजून ८ धरतो. दोन पतंग हरवले आणि तक्रार कोणाचीच नाही. ०८ व ०९ हे तर अष्टमान पद्धतीत अस्तित्वातच नाहीत. म्हणून महिन्याच्या क्रमांकाशी गणित करणारी आज्ञावली जुलैअखेर सुरळीत चालते आणि ऑगस्ट-सप्टेंबरात, नेमकी बोंडे भरण्याच्या काळात, अडते. पुढील शून्ये काढून टाकावीत किंवा बेरीज ‘ऑक’कडे सोपवावी, फाइलमधून वाचलेला आकडा तो दशमान धरतो.

कालची तारीख काढण्याचा ‘डेट’ आज्ञेचा पर्याय लिनक्स व मॅकवर वेगळा आहे. माझ्या मते तारखेचे गणित टाळून सर्वेक्षकाने नोंदवलेली तारीखच वापरणे बरे.

तथापि सर्वांत महत्त्वाची दुरुस्ती रचनेत आहे. ‘पातळीखाली’ हा निष्कर्ष ‘अन्यथा’वर सोडू नये. आकडा ८ किंवा अधिक आहे का, हे एकदा विचारावे. ८ पेक्षा कमी आहे का, हे स्वतंत्रपणे विचारावे. दोन्ही उत्तरे नकारार्थी आली तर ‘नोंद तपासा’ असा संदेश द्यावा. चौकटी कंसातील तपासणी ‘नाही’साठी १ आणि ‘तपासता आले नाही’साठी त्याहून मोठा संकेतांक परत करते. हा भेद सल्ल्यापर्यंत पोहोचला पाहिजे.

केवळ व्याकरण तपासणाऱ्या पर्यायाने == चा दोष सापडत नाही, कारण तो व्याकरणाचा दोषच नव्हे. ‘शेलचेक’ हे विनामूल्य साधन तो दाखवते, मात्र पहिल्या ओळीत ‘एसएच’ नमूद असावे लागते. त्यानंतर उत्तर आधीच ठाऊक असलेल्या नोंदी चालवाव्यात : ८, ९, ११ या तीन रात्रींना इशारा मिळाला पाहिजे, ८, ७, ९ यांना मिळता कामा नये. एका नोंदीत मुद्दाम ०१० लिहावे, एका फाइलची तारीख ऑगस्टची ठेवावी, एक फाइल विंडोजवर जतन केलेली असावी. ही चाचणी ज्या संगणकावर हंगामभर काम होणार आहे, त्याच संगणकावर, जूनपूर्वी उरकावी.