अठरा रविवार

पाऊस लांबला, की गाव पुढाऱ्याच्या तोंडाकडे बघतं. वादळानं केळी आडवी झाली, कापसाचा भाव पडला, तरी तसंच. “दादा, आता कसं व्हायचं?” असं लोक विचारतात. खरं म्हणजे दादालाही ते ठाऊक नसतं. मग त्यानं काय करावं? आपल्या धुळ्यातच घडलेली एक गोष्ट ऐका.

सन १९३२. देशावर इंग्रजांचं राज्य होतं. ४ जानेवारीला सरकारनं गांधीजींना पकडलं. काँग्रेस बेकायदा ठरवली. गावोगावचे सत्याग्रही धरले. त्यांतले पुष्कळ जण धुळ्याच्या तुरुंगात आले. कुणाला घरच्या शेताची काळजी, तर कुणाला म्हाताऱ्या आईची. स्वराज्य केव्हा येणार, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. अशा वेळी दिवस सरता सरत नाही. मन खचतं. माणसं एकमेकांवर चिडतात.

त्याच तुरुंगात विनोबा भावे होते. वय छत्तीस. हातात सत्ता नाही, गाठीला पैसा नाही. तेही कैदीच. पुढं काय होणार, हे तेही सांगू शकत नव्हते. पण आज काय करायचं, हे त्यांना कळत होतं.

पहिली गोष्ट कामाची. अंगमेहनत केल्यावाचून खाऊ नये, असं विनोबा मानत. त्यांनी नुसता उपदेश केला नाही. ते स्वतः दळायला बसले. मग बाकीचेही जात्याला हात लावू लागले. हात कामात गुंतले, की काळजी थोडी मागं सरते.

दुसरी गोष्ट ठरल्या दिवसाची. २१ फेब्रुवारीला रविवार होता. त्या दिवशी विनोबा गीतेवर बोलले. मग दर रविवारी एक अध्याय, असा नेम चालला. बोलणं साधं, दाखले रोजच्या जगण्यातले. १९ जूनला अठरावा अध्याय पुरा झाला. अठरा अध्याय, अठरा रविवार. उद्या काय होईल ते ठाऊक नव्हतं. पण येत्या रविवारी आपण सारे एकत्र बसणार, हे ठाऊक होतं. तेवढ्यानंही माणसाला धीर येतो.

तिसरी गोष्ट सोबतीची. ऐकणाऱ्यांत साने गुरुजी होते. ते अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते. १९३० साली नोकरी सोडून ते चळवळीत उतरले होते. विनोबा बोलत आणि गुरुजी भराभर लिहून घेत. त्यातूनच ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक झालं. पुढं ते देशातल्या अनेक भाषांत गेलं. एकट्या विनोबांच्या हातून हे झालं नसतं. गाव करी ते राव न करी, म्हणतात ते खोटं नाही.

आता आपल्या गावाकडं या. तुम्ही सरपंच असाल, बचत गटाच्या अध्यक्ष असाल, नाहीतर नुसते घरातले वडीलधारे असाल. पेरणी वाया गेली, तर “सगळं ठीक होईल,” असं उगाच सांगू नका. “पाऊस कधी येईल ते मला ठाऊक नाही. पण सोमवारी संध्याकाळी सगळ्यांनी पारावर यायचं,” असं सांगा. मग कुणाकडं चारा आहे, कुणाचा बैल रिकामा आहे, पंचनाम्यात कुणाचं नाव राहिलं, हे सगळ्यांनी मिळून बघा. कामाला पहिला हात तुमचा लागू द्या.

आणि आलेली माणसं मोजू नका, न आलेली मोजा. कर्जाच्या ओझ्यानं माणूस आधी बोलेनासा होतो, मग पारावर यायचा थांबतो. त्याला बोलावणं धाडू नका. त्याच रात्री त्याच्या घरी जा. चहा घ्या, जवळ बसा, त्याचं ऐका. त्याला एकटं पडू देऊ नका. पुढाऱ्याचं सगळ्यांत मोठं काम हेच आहे.

वाचा आणि आपसांत बोला

१. विनोबा स्वतः दळायला बसले. त्याचा इतरांवर काय परिणाम झाला?
२. रविवारच्या नेमानं कैद्यांना धीर का आला असेल?
३. तुमच्या गावात सगळ्यांनी एकत्र बसायचा ठरलेला वार आहे का? नसेल तर कोणता ठरवाल?
४. गेल्या महिन्यात पारावर न दिसलेला माणूस कोण? त्याच्या घरी आज कोण जाईल?